पदराखालचे डोळे

आई, तुझा फोटो एकदाचा भिंतीवर लागला. लोणीला, धाकट्याच्या नव्या घरात, दारातून आत गेलं की समोरच. एका बाजूला आप्पा फेटा बांधून आणि त्यांच्या शेजारी तू, दोघांच्या फ्रेमा एकाच मापाच्या. वास्तुशांतीला आलेलं माणूस आधी चपला काढी, मग तुझ्याकडं बघी आणि म्हणे, अगं बाई, म्हातारी तर आत्ता बोलंल. मी कोपऱ्यात बसून पानाला चुना लावत हे ऐकत होते आणि मनातून इतकी फुलले होते की चुना जास्त झाला आणि तोंड भाजलं. हे तुला सांगायला हवं, म्हणून वही घेऊन बसले. वही नातीची आहे, तिच्या कॉम्प्युटरच्या क्लासची, मागची पानं कोरी राहिलेली. पुढच्या पानांवर तिनं काय लिहून ठेवलंय ते मला कळत नाही, आणि मागच्या पानांवरचं माझं अक्षर तिला लागणार नाही, म्हणजे दोघींची सोय झाली.

माझी शाळा तुला ठाऊकच आहे, चौथी अर्धी. धाकटा जन्मला आणि त्याला सांभाळायला मी घरी राहिले. मास्तर बोलवायला आले तेव्हा तू म्हणालीस, "पोरीला पत्र वाचता येतंय, आणिक काय पायजे?" मला तेव्हा राग आला होता. पण खरंच, मुंबईहून मामाचं कार्ड आलं की वाचायचा मान माझा. मामा मार्केटात हमालीला, आप्पा मेंढरं घेऊन सहा-सहा महिने बाहेर, आणि घरात दुसऱ्या कुणाला अक्षर लागत नव्हतं. कार्ड आलं की तू चुलीपुढून उठायचीस, हात पदराला पुसायचीस आणि माझ्यासमोर मांडी घालून बसायचीस. मी कार्डाकडं बघायचे आणि तू माझ्याकडं. कार्डाकडं तू कधी बघितलंच नाहीस.

एकदा मामानं लिहिलं होतं की पाठीवर गोणी पडली, दवाखान्यात आहे, बहिणीला एकदम सांगू नका. आता हे 'एकदम सांगू नका' त्यानं कुणाला लिहिलं होतं कोण जाणे, घरात वाचणारी मी एकटी, दहा वर्षांची. मी आपलं मनानंच वाचलं, मी खुशाल आहे, मुंबईला पाऊसपाणी बरं आहे, सर्वांस नमस्कार. तू सगळं ऐकून घेतलंस. "झालं?" म्हणालीस. मी म्हटलं, झालं. "बरं. आता खरं वाच." ओरडली नाहीस, हात उगारला नाहीस, भाकरीचं पीठ अजून बोटांना तसंच होतं. मी रडत रडत खरं वाचलं आणि तू त्याच दुपारी थोरल्या चुलत्यांच्या मुलाला मुंबईला धाडलंस. तुला कसं कळलं, हे मी पुष्कळ वर्षांनी विचारलं, माझा थोरला मांडीवर होता तेव्हा. तू म्हणालीस, "खरं वाचतीस तवा तुझं डोळं मुंगीवानी चालत्यात. त्या दिशी ते एकाच जागी उभं व्हतं."

तुझं असं होतं. कळपातलं कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं हे तुला नुसत्या तोंडावरून कळायचं, आप्पांनासुद्धा कानाची खूण बघावी लागायची. आणि एवढी तोंडं ओळखणाऱ्या बाईचा स्वतःच्या तोंडाचा फोटो जन्मात एक. तोही कसला, तर मतदानाच्या कार्डाचा.

तो दिवस मी विसरणार नाही. मी जत्रेला माहेरी आले होते आणि दुपारच्या एसटीनं मला महाळुंग्याला परतायचं होतं. शाळेच्या पडवीत खिळे मारून निळं कापड ताणलेलं, पुढं स्टूल, आणि गावातली माणसं अंघोळी करून, इस्त्रीचे कपडे घालून रांगेत उभी. आपले आबा, म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ, काठी घेऊन फोटोवाल्याच्या शेजारी खुर्चीवर बसलेले. त्यांना कुणी बसवलं नव्हतं, पण जिथं रांग तिथं आबा. आणि तू तर लग्न होऊन आलीस त्या दिवसापासून थोरल्या दिराला तोंड दाखवलेलं नव्हतंस. ते उंबऱ्यावर खाकरले की तुझा हात आपोआप पदराला जायचा, मग हातात परात असो नाही तर पाण्याची घागर. स्टुलावर बसलीस आणि पदर कपाळाच्या खाली ओढून घेतलास.

फोटोवाला म्हणाला, "आजी, पदर जरा मागं घ्या. तोंड येत न्हाई."

"येतंय की," तू पदरातूनच म्हणालीस.

"डोळे येत न्हाईत."

मग आबाच म्हणाले, "अगं, घे मागं. आता काय राह्यलंय? तसंबी मला तू दिसत न्हाईस, मोतीबिंदू झालाय." सगळी रांग हसली. तू पदर आणखी दोन बोटं खाली घेतलास. फोटोवाला बिचारा माझ्याकडं बघायला लागला, आणि माझं सगळं लक्ष रस्त्याकडं, एसटीचा धुरळा दिसतोय का तिकडं. मी म्हटलं, "काढा ओ भाऊ तसाच. शिक्का मारायला डोळं कशाला लागत्यात?" पुन्हा सगळे हसले. तूही हसलीस. आणि तेवढ्यात त्यानं बटण दाबलं. म्हणून त्या फोटोत तुझी हनुवटी हसतेय आणि वर सगळी पदराची सावली आहे. कार्ड घरी आलं तेव्हा तू ते उजेडात धरून बघितलंस म्हणे, आणि धाकट्याला म्हणालीस, "बरा आलाय. पदर नीट हाय." पुढच्या वर्षी तू गेलीस. आप्पा तुझ्यामागं दोन वर्षांनी. एसटी त्या दिवशी तासभर उशिरा आली, तेही सांगून टाकते. तो सगळा वेळ आपण दोघी वडाखाली बसलो होतो, तू पदर मागं टाकून शेंगा सोलत होतीस, आणि मी समोर बसून काय बघत होते देव जाणे.

आता धाकट्याचं ऐक. मेंढरं त्यानं विकली, हौसेला चार ठेवलीत. पोरं पुण्याला कामाला लागली आणि त्यांनी लोणीला दोन खोल्या स्लॅबच्या बांधल्या. घर बांधलं तर आई-बापाचे फोटो हवेतच. आप्पांचा होता, जुन्नरला कुणाच्या तरी लग्नात काढलेला, झकास. तुझं हे कार्ड. ते घेऊन तो माझ्या नातीकडं आला. नात म्हणजे माझ्या थोरल्याची मुलगी, तुझी पणती. तू गेलीस तेव्हा ती पहिली-दुसरीत होती, तुझ्या मयतीत मेंढीच्या पिलाशी खेळत बसली होती. आता बारावी होऊन, क्लास करून मंचरला एका स्टुडिओत कामाला आहे. काम काय, तर कॉम्प्युटरवर फोटो दुरुस्त करायचे. त्याचं एक सॉफ्टवेअर असतं, त्याचं नाव मला अजून नीट घेता येत नाही. पण त्यात काय काय होतं हे मी अख्ख्या आळीला सांगत असते. नवरीच्या गालावरची पुटकुळी पुसता येते. नवरदेवाच्या काकानं ऐन अक्षता पडताना जांभई दिली होती, ती पोरीनं मिटवली. लग्नाला न आलेल्या आत्याबाई दुसऱ्या फोटोतून कापून रांगेत उभ्या केल्या, त्यांचे पायसुद्धा जमिनीला नीट टेकवले. आणि चुकलं तर दोन बटणं दाबायची, झालेलं मागं जातं. पुन्हा दाबलं की आणखी मागं. मी तिला विचारलं, किती मागं जातं गं? ती म्हणाली, "आजी, फाईल उघडल्यापासूनच. त्याच्या आधीचं नाही."

धाकटा तिला म्हणाला, "बये, आमच्या आईचा मोठा करून दे." ती त्याला तिच्या बापाचं ऐकून मामाच म्हणते. "देते की मामा, पणजीला हिरॉइन करते." आणि केलीच. आठ दिवसांनी दोघं मोठं पाकीट घेऊन माझ्या दारात. धाकटा नुसता हसतोय. मी फोटो बाहेर काढला. आई, तुला गोरी केली होती. गव्हाळ नाही, गोरीपान. कपाळाला सुरकुती नाही, अंगावर हिरवी पैठणी, मागं बर्फाचे डोंगर. आपल्या लोणीच्या बाईला बर्फाचे डोंगर. आणि पदराखाली दोन मोठे डोळे, काजळ घातलेले, कुठल्या तरी दुसऱ्याच बाईचे.

"कशी दिसती आई?" धाकट्यानं विचारलं.

मी म्हटलं, "ही कोण हाय?"

"अक्का, काय बोलतीस. आई हाय."

"ह्या बाईनं आपल्या घरात कधी भाकरी थापलेली न्हाई."

नात आधी हसली आणि मग तिचं तोंड उतरलं. चार दिवस स्टुडिओचं काम संपवून ती त्यावर बसत होती, हे मला नंतर कळलं. धाकटाही फुगला. "गोरी दिसती तर दिसू दी की. जलमभर उन्हात फिरली, आता भिंतीवर तरी..." मला त्याचं पटलं नाही असं नाही. पण मी विचार केला की तुला रोज जवळून बघितलेले आता आम्ही दोघंच. आबा गेले, मामा गेला. पोरं उद्या भिंतीवर जे असेल त्यालाच आजी म्हणतील. ही गोरी बाई एकदा तिथं चढली की तू गेलीस ती कायमची. मी म्हटलं, वास्तुशांतीला पंधरा दिवस आहेत, मी स्वतः जाऊन बसते तिच्याजवळ.

गेले. डबा घेऊन एसटीनं मंचरला. स्टुडिओचा मालक देवमाणूस, म्हणाला, "आजी, तुमचंच दुकान समजा." नातीनं मला चाकाच्या खुर्चीवर बसवलं, ती खुर्ची मला घेऊन भिंतीपर्यंत गेली, मग लाकडाची दिली. तिनं कार्डावरचा फोटो मशीनवर ठेवून आत घेतलेला होताच. तो पडद्यावर उघडला आणि मोठा करत गेली. आई, तू केवढी झालीस. तुझी हनुवटी माझ्या तळहाताएवढी. आणखी मोठं केलं तेव्हा नुसते काळे-पांढरे चौकोन, घोंगडीची वीण जवळून बघावी तसे. मी म्हटलं, थांब, मागं जा, ती पांगली.

"आजी, आता तू सांगशील तसं," ती म्हणाली.

"आधी काळी कर."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "अगं, इथं येणारा प्रत्येक माणूस गोरं कर म्हणतो. काळी कर म्हणणारी तू पहिलीच."

"कर तू. चुलीपुढची काळी नको, उन्हातली कर. त्यात फरक असतो."

तिला तो फरक कळला, हे विशेष. मग मी पडद्याला बोट लावून दाखवलं, इथं हनुवटीवर तीन ठिपके होते, ते कुठं गेले? ती ओशाळली. "ते होय? मी धुळीचे डाग समजून पुसले." तुझं गोंदण, आई. आपल्या पोरीनं तुझं गोंदण डाग म्हणून पुसलं होतं. पण तिची चूक नाही, तिच्या वयाच्या पोरींनी गोंदलेली हनुवटी कुठं बघितलीय. मी तिला सांगितलं, तीन ठिपके, पण ओळीत नाहीत, मधला जरा खाली उतरलेला, कारण गोंदणाऱ्या बाईनं सुई टोचली तेव्हा तू हललीस. हे मला इतकं पक्कं कसं माहीत? तर मी अंगावर पीत होते तेव्हापासून माझं बोट त्या ठिपक्यांवर फिरत असायचं. डोळे मिटून मी ते पडद्यावर ठेवू शकले असते. डाव्या कानाची पाळी जड बुगडीनं ओघळलेली, तीही सांगितली. कुंकू कसं, तर मेणावर लावलेलं, मोठं, कडा नीट. पदर कपाळावरून थोडा मागं सरकवला तिनं, एकीकडचा तुकडा उचलून दुसरीकडं बसवत, आणि तुझं कुंकू वर आलं. मी सांगत गेले, ती करत गेली. तासाभरात तू नाकापासून खाली अगदी तू झालीस. मी तिला माझ्या डब्यातला चटणीचा घास भरवला, माऊस तिच्या हातात होता म्हणून.

मग ती म्हणाली, "आता डोळे. कसे होते? बारीक का मोठे? घारे का काळे?"

मी डब्याचं झाकण लावायला घेतलं.

आई, मला तुझी टाच आठवते, भेगांत राख भरलेली. मंचरच्या बाजाराला जाताना मी तुझ्यामागं चालायचे, तर तुझी मान आठवते, मानेवरचा बारीक केसांचा भोवरा आठवतो. अंगाचा वास, लोकरीचा आणि दुधाचा. दळताना हलणारा खांदा. ती पोर माझ्याकडं बघत थांबलेली आणि मी नुसती "काळेच असतील" म्हणाले. "असतील?" ती म्हणाली. एवढ्यात लाईट गेली. सध्या दुपारी भारनियमन असतं, दोन-दोन तास. पडदा काळा झाला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तिनं तेवढ्यापुरतं सगळं साठवून ठेवलं होतं, हुशार आहे.

आम्ही बाहेर पायरीवर येऊन बसलो. मी तिला मामाच्या कार्डाची गोष्ट सांगितली, आता खरं वाच, तीच. ती हसली. मग म्हणाली, "म्हणजे ती तुझ्याकडं बघायची आणि तू कागदाकडं. तुला कुठून आठवणार?" एवढीशी पोर, पण बोलून गेली. मग तीच म्हणाली, "आजी, सगळे म्हणतात तू पणजीवर गेलीस. तुझे डोळे घेते."

मी म्हटलं, ते खोटं होईल. कार्डाचा फोटो काढला त्या दिवशी तुझ्या डोळ्यांना मीच 'कशाला लागत्यात' म्हणून बसले, आणि आता त्या जागी माझे ठेवायचे? मला ते चोरीसारखं वाटलं. समोरून एका मेंढपाळाचा कळप चालला होता, एसटीस्टँडच्या अंगाला, गाड्या भोंगे वाजवत होत्या, आणि मला तुझं कोकरू आठवलं. मेंढीचं पिलू मेलं आणि दुसरीकडं एखादं पिलू बिनआईचं राहिलं की तू काय करायचीस. मेलेल्या पिलावरून हात फिरवायचीस आणि तोच हात जित्याच्या अंगाला चोळायचीस. मेंढीचंच दूध काढून त्याच्या शेपटीला लावायचीस. मग ते तिच्यापुढं ढकलायचं आणि आपण लांब बसायचं, तू मला बोलू द्यायची नाहीस. मेंढी शेपटी हुंगायची, एकदा लाथ मारायची, पुन्हा हुंगायची. आणि पाजायची. मी एकदा तुला म्हटलं होतं, आई, ही फसली. तू म्हणालीस, "फसली कशी? दूध खरं उतरलं न्हवं?"

मी पायरीवरून उठले आणि म्हटलं, "काढ माझा फोटो."

तिनं दुकानाच्या दारात, उजेडात उभी केली. हातात छोटा कॅमेरा. "वर बघ, आजी." मला वर बघवेना. पदर कपाळावर आला होता तो मी मागं घेतला, तरी मान खालीच. "आजी, वर बघ की." शाळेची तीच पडवी, आई, तोच निळा पडदा माझ्या डोळ्यांपुढं. मी म्हटलं, जमत नाही गं. मग ती म्हणाली, "कॅमेऱ्याकडं बघू नको. माझ्याकडं बघ. मी सकाळी डबा सगळा खाल्ला, भाजीसुद्धा, दोडक्याची."

दोडका ती जन्मात खात नाही. मी तिच्याकडं बघितलं. आणि तिनं फोटो काढला.

लाईट आली तेव्हा तिनं ते डोळे उचलून तुझ्या पदराखाली ठेवले. फोटोवर काच ठेवावी तसं ते वेगळं असतं, सरकवता येतं, मागचं बिघडत नाही. जरा वर, जरा खाली, पापण्या थोड्या जड कर, तुझं वय जास्त होतं. मग तिनं त्यांच्यावर पदराची सावली पुन्हा थोडी सोडली, म्हणाली, सगळी काढली तर पणजीला आवडणार नाही. आणि ती खुर्ची मागं घेऊन बसली. मी पडद्याकडं बघितलं आणि माझ्या तोंडातून निघालं, "मी काय खोटं बोलले न्हाई." पोर हसून हसून खाली वाकली.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी धाकट्यानं पाकीट उघडलं. मी आणि नात दोघी दाराशी उभ्या. त्यानं बराच वेळ बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढली. "हां," म्हणाला. "ही आई. शाळा बुडवून आलो की दारात उभी राहून अशीच बघायची." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "अक्का, गोरी नको म्हणलीस ते बरं केलंस. डोळं तर हुबेहूब. कुठनं काढलंस गं पोरी?" नात म्हणाली, "कॉम्प्युटरमध्ये असतं मामा, सावली काढता येते. खालचं दिसतं." तो मान डोलवत राहिला. मला म्हणाला, "हुबेहूब हाय का न्हाई?" मी म्हटलं, "हुबेहूब." तो आत हातोडी आणायला गेला आणि त्याच्या पाठीला मी बघत राहिले. त्याचीही मान तुझ्यासारखीच आहे.

मला नातीनं एक लहान प्रत दिलीय, वहीच्या पानाएवढी. महाळुंग्याला माझ्या खोलीत देवाच्या फळीशेजारी लावली आहे. सकाळी देवाला हळदकुंकू वाहिलं की तुझ्यापुढं उभी राहते आणि कालचं सगळं सांगते, सुनेचं, गुडघ्याचं, नातीला बघायला येणाऱ्या पाहुण्यांचं. परवा म्हटलं, गुडघा आता बरा आहे. आणि तू असं बघितलंस की मी लगेच म्हटलं, बरं बाई, नाही बरा.

आता हे पत्र संपलं की वही मिटून तिच्या कप्प्यात ठेवणार. टाकायचं कुठं, आणि टाकलं तरी तुला कोण वाचून दाखवणार? ते काम माझंच होतं. वाचायला बसले असते तर इथपर्यंत भराभरा वाचलं असतं, नमस्कार म्हटला असता, आणि तू म्हणाली असतीस, झालं? बरं. आता खरं वाच.

तर खरं हे आहे, आई. धाकट्याला ते डोळे ओळखू आले, आल्यागेल्याला ओळखू आले. मी मात्र त्या फोटोपुढं रोज उभी राहते आणि मला अजूनही तुझे डोळे आठवत नाहीत.